उटीच्या अलीकडे

आम्ही उटीला जाऊन आलो असं पोफळीच्या कॉलनीत सगळे म्हणतात. मीही आता दुरुस्त करत नाही. खरं म्हणजे आम्ही उटी पाहिलीच नाही. उटीच्या बरंच अलीकडे, नडुवट्टम नावाच्या चहामळ्यांच्या गावाजवळ आमचा प्रवास थांबला आणि तिथूनच आम्ही परत फिरलो. त्यामुळे तिथलं तळं, फुलांची बाग, छोटी आगगाडी यांबद्दल ज्यांना वाचायचं असेल त्यांच्या उपयोगाचं माझ्याकडे काही नाही.

बेत तिघा मित्रांचा होता. आमचे हे, म्हणजे अरविंद, इथल्या वीजघरात नोकरीला. नाना खेडचा, त्याचं हार्डवेअरचं दुकान. सदा मंडणगडकडचा. त्याचे सगळे भाऊ मुंबईला, म्हणून भातशेती आणि काजूची बाग याच्या गळ्यात. तिघं रत्नागिरीला आयटीआयमध्ये एका खोलीत राहत होते आणि तेव्हापासून मोटारसायकलवरून दक्षिणेच्या डोंगरांत जायचं म्हणत होते. म्हणता म्हणता तिघांची लग्नं झाली, सदाचे केस पांढरे व्हायला लागले. शेवटी एका जानेवारीत, पाऊस नाही, बागेत काम कमी, असा मुहूर्त धरून निघायचं ठरलं. मी म्हटलं, मीही येते.

यांना आनंदच झाला. सासूबाईंना नाही झाला, कारण संक्रांत प्रवासात येणार होती. मी कॉलनीत शिवणाचे वर्ग घेते. स्वतःसाठी जाड कापडाचे दोन पंजाबी ड्रेस शिवले. साडी सोडून दुसरं काही घालून कॉलनीच्या फाटकाबाहेर पडण्याची ती पहिलीच वेळ. मुलीला, शकूला, रत्नागिरीला माझ्या आईकडे ठेवलं. नानाकडे बुलेट, सदाकडे येझदी आणि आमची राजदूत. सामान सगळं नानाच्या मागे, कारण त्याची बायको म्हणाली, "मला वेड लागलेलं नाही."

मलनाड

कराड, बेळगाव, हुबळी हा रस्ता ज्यांनी केला आहे त्यांना तो माहीत आहे आणि ज्यांनी केला नाही त्यांचं काही अडलेलं नाही. शिमोग्याच्या पुढे, मलनाडच्या डोंगराळ भागात, मात्र मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तीच तांबडी माती, तोच जांभा, तशीच कौलं. फरक एवढाच की इथे आपल्यासारखी दोन-चार झाडं परसात लावलेली नसून मैलच्या मैल पोफळीच्या बागा होत्या. खाली गार अंधार आणि वर सारख्या उंचीचे शेंडे.

"आमचं गाव पोफळी," हे एका बागवाल्याला कानडी-हिंदीची खिचडी करून सांगत होते.

"तिथे सुपारी किती होते?" त्याने विचारलं.

"सुपारी नाही. वीज होते."

त्याने यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि आम्हाला घरात बोलावलं. चिरलेल्या, उकडलेल्या सुपाऱ्या अंगणात वाळत घातल्या होत्या. आपण सुपारी सोलून सबंध वाळवतो, हे लोक ती कोवळी काढून उकडतात, हे सदाला पटेना. बागायतीतलं सदाला सहसा काही पटत नाही. त्या घरी केळीच्या पानावर तांदळाची गरम भाकरी आणि कारल्याची गोडसर भाजी मिळाली. भाकरी आपल्यासारखीच, पण उकडीची आणि कागदासारखी पातळ.

चिकमगळूरला कॉफीचे मळे पाहिले. कॉफीची झाडं सावलीत वाढतात आणि त्या सावलीच्या झाडांवर मिरीचे वेल चढवतात. एका जमिनीत तीन मजली पीक. मडिकेरीला थंडी इतकी होती की नानाने हातमोज्यांवरून पायमोजे चढवले आणि तसाच हॉटेलात शिरला. इथपर्यंत एकदा टायर पंक्चर झालं, एकदा आमच्या गाडीची क्लचची तार तुटली. दोन्ही वेळा कुणी ना कुणी थांबून मदत केली. मागे बसून मी सगळं बघत होते. पाठ दुखत होती, पण सांगत नव्हते, कारण सांगितलं तर म्हणतील, तरी म्हणत होतो.

नडुवट्टम

म्हैसूर, बंडीपूरचं जंगल आणि गुडलूर. गुडलूर सोडलं की उटीचा घाट लागतो. दुपार टळली होती. खाली ऊन होतं आणि चार वळणं वर गेल्यावर एकदम धुकं आलं. नाना पुढे होता, त्याचा लाल दिवा दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. दोन्ही बाजूंना चहाची झुडपं, कातरलेली, सारखी. मी यांच्या पाठीला टेकून थंडीने दात आवळून बसले होते.

मला आधी शिंगं दिसली. रुंद, चंद्रकोरीसारखी वळलेली, रस्त्याच्या मधोमध. त्या भागातल्या म्हशींची शिंगं तशी असतात हे नंतर कळलं. यांनी ब्रेक दाबला, रस्त्याच्या कडेची खडी चाकाखाली आली आणि गाडी आडवी झाली. मी गवतात पडले. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. हे गाडीबरोबर फरपटत गेले आणि मैलाच्या दगडाला जाऊन थांबले.

म्हैस जागची हलली नव्हती.

"अहो," मी म्हटलं.

"खांदा," एवढंच हे म्हणाले. डावा हात उजव्या हाताने धरून बसले होते. चेहरा पांढरा पडला होता.

सदा मागून आला. नानाला वरून परत यायला थोडा वेळ लागला. माझी ओढणी झोळीसारखी बांधून मी यांचा हात गळ्यात अडकवला. सदाने जाऊन जवळच्या मळ्यातली जीप आणली. त्या मळ्याला स्वतःचा दवाखाना होता आणि दवाखान्यात एक नर्स, रोझम्मा. ठेंगणी, सावळी, चष्मा लावलेली बाई. तिने खांद्यावरून बोटं फिरवली, हे कळवळले. मग ती माझ्याकडे वळून चक्क मराठीत म्हणाली, "घाबरू नको. हाड मोडलंय, माणूस नाय मोडला."

मला त्या क्षणी रडू आलं. इतका वेळ आलं नव्हतं.

रोझम्मा केरळची. मुंबईच्या एका इस्पितळात तिने बरीच वर्षं काढली होती. मराठी तिथे बायकांच्या वॉर्डात शिकली, त्यामुळे तिला कळा, टाके, सासू, पथ्य हे शब्द अस्खलित येत आणि बाकीचे अडत. कुठून आलात विचारलं तेव्हा मी रत्नागिरी म्हटलं. ती म्हणाली, "हापूस." पुढची ओळख लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गुडलूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. पाठीमागून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पट्टा आवळून बांधला आणि काही दिवस हलू नका म्हणाले. रोझम्माने आम्हा दोघांना तिच्या क्वार्टरमध्येच ठेवून घेतलं. नाना आणि सदा मळ्याच्या गेस्टहाऊसच्या पडवीत झोपत. आम्ही तिचे कुणीच नव्हतो. लॉजवर जातो असं मी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगायला गेले तर तिने माझ्या हातात सोलायला लसूण दिला.

पहिल्या संध्याकाळी तिने उकडलेला कसावा, म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तो कंद, आणि तारलीचं कालवण वाढलं. घर सोडल्यापासून मासे असे मिळाले नव्हते. नाना पहिला घास घेऊन थांबला.

"वहिनी, ह्यात आमसूल आहे."

आमसूल नव्हतं, पण त्याचंच भावंड होतं. काळंकुट्ट, धुरावर वाळवलेलं, जाड सालीचं. रोझम्माने डब्यातून काढून दाखवलं. आपलं कोकम जिभेवर लगेच बोलतं, हे मागाहून येतं आणि धुराचा वास ठेवून जातं. मी माझ्या सामानातली आमसुलं तिला दिली. तिने एक चघळून पाहिलं आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "कच्चं हाय." नाना दोन्ही बाजूंनी मान हलवत जेवत राहिला.

संक्रांत तिथेच झाली. त्यांचा तो पोंगल. मळ्याच्या कामगारांच्या चाळीपुढे बायकांनी पहाटे रांगोळ्या काढल्या. आपण ठिपके जोडतो, या बायका ठिपक्यांना वेढे घालतात. अंगणात चुली मांडून नव्या मडक्यांत तांदूळ-गूळ शिजत होता आणि दूध उतू गेलं की सगळे मिळून ओरडत. आपल्याकडे दूध उतू गेलं की बाई ओशाळते. इथे ते उतू जावं म्हणून वाट बघत होते. मी तिळगूळ वाटला. मुत्तम्मा नावाची एक पाती खुडणारी बाई माझ्या शेजारी येऊन बसली. रोझम्माने मधे राहून सांगितलं की ती लंकेत जन्मली, तिची आईही तिथलीच. मग तिथल्या सरकारने सांगितलं की तुम्ही इथल्या नाहीत, आपल्या देशात जा. आपला देश म्हणजे हा मळा. इथे यायच्या आधी तिने तो कधी पाहिला नव्हता. हे सांगताना ती मडक्यातला भात ढवळत होती आणि मधेच माझ्या पानावर वाढत होती. मी आणखी भात मागून घेतला.

गाडी

यांचं दुखणं कमी होत होतं, पण बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. गाडी नाना आणि सदाने आणून दवाखान्याच्या भिंतीला लावली होती. पुढच्या दिव्याची काच फुटली होती, हँडल वाकलं होतं ते नानाने निलगिरीच्या झाडाला टेकवून सरळ केलं. हे व्हरांड्यात बसत, पण खुर्ची फिरवून. गाडी दिसणार नाही अशी.

एका संध्याकाळी चहा घेताना परत जायची गोष्ट निघाली. पोंगलमुळे ट्रकवाले गावाला गेले होते, गाडी ट्रकमधून न्यायला कुणी मिळत नव्हतं. यांची रजा संपत आली होती.

"मी आणि सुमन बसने जाऊ," हे म्हणाले. "गाडी इथंच ठेवू."

"आणि न्यायला?" नानाने विचारलं.

"नाही न्यायची. इथंच कुणी घेतली तर देऊन टाका. मला नको आता ती."

सदा कपात बघत राहिला. आयटीआयपासून जो माणूस मोटारसायकलशिवाय दुसरं काही बोलला नाही, तो हे म्हणत होता. चहा न संपवताच त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, गाडी इथे राहिली तर हे पुन्हा कधीच कुठल्या गाडीवर बसणार नाहीत. पण एवढंच सांगितलं तर ते पूर्ण खरं नाही. त्याहून खरं असं की मला ती चालवायची होती.

मला येत होती. कॉलनीत रविवारी मोकळ्या रस्त्यावर यांनीच शिकवली होती, हौस म्हणून. रत्नागिरीला जाऊन लायसनही काढलं होतं. पण स्वतः गाडी चालवत कॉलनीचं फाटक मी कधी ओलांडलं नव्हतं.

"मी चालवते," मी म्हटलं.

"कॉलनीत फेऱ्या मारणं वेगळं."

"माहीत आहे."

"हा घाट आहे. पुढे जंगल आहे. तुला काही झालं तर शकूला मी काय सांगू?"

"तुम्हाला झालं तेव्हा मी तिला काय सांगणार होते?"

सदा हळूच म्हणाला, "वयनी, माझं ऐका. ऱ्हाऊ दे गाडी. जीव मोठा."

"नाना?" मी विचारलं.

"मी पुढे राहीन," तो म्हणाला. "सदा मागे. वहिनी मधे. पण आधी इथे चालवून दाखवायची. मला भरवसा वाटला तर."

हे उठून आत गेले.

पुढचे दोन दिवस मी मळ्याच्या कच्च्या रस्त्यावर फॅक्टरीपर्यंत जात-येत होते. चढावर थांबून पुन्हा निघणं जमेना. गाडी मागे घसरे, मी घाबरून क्लच सोडे, गाडी बंद पडे. एकदा तोल जाऊन सरळ चहाच्या झुडपांत गेले. पाती खुडणाऱ्या बायका मोकळेपणी हसल्या. मुत्तम्मा खाली उतरून आली, गाडी उचलायला हात दिला, आणि माझी ओढणी गळ्यातून काढून कमरेला घट्ट बांधून दिली. मग टोपली सावरत परत आपल्या ओळीत गेली. त्या संध्याकाळी चढावर गाडी निघाली. व्हरांड्यात यांची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून होती. रात्री जेवताना हे म्हणाले, "उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही. कधीच नाही."

खाली

निघताना रोझम्माने मला घट्ट धरलं आणि यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "याला वजन उचलू देऊ नको. तुला पण नको." हे बसने जाणार आणि आम्ही गुडलूरला भेटणार असं ठरलं.

घाट उतरताना मी आजूबाजूचं काही पाहिलं नाही, त्यामुळे वर्णन करता येणार नाही. मला दिसला तो नानाचा हात. वळण आलं की तो डावा हात बाहेर काढून खाली दाबायचा, म्हणजे हळू. समोरून लॉरी असली की मूठ करायचा. मागून सदाचा हॉर्न अधूनमधून एकदाच वाजे, म्हणजे मी आहे. माझी बोटं ब्रेकवर आखडून गेली होती आणि पायमोज्यात घाम साचला होता.

निम्मा घाट उतरल्यावर मागून बसने हॉर्न दिला. नानाने आम्हाला कडेला घेतलं. बस अगदी खेटून पुढे गेली आणि तिच्या खिडकीत मला पांढरा पट्टा दिसला. हे खिडकीतून बाहेर वाकून काहीतरी सांगत होते. काय ते ऐकू आलं नाही. पुढच्या वळणापर्यंत ते तसेच वाकलेले होते.

गुडलूरच्या स्टँडवर हे उन्हात उभे होते. मी गाडी उभी केली आणि उतरले.

"क्लच फार वेळ दाबून धरतेस," हे म्हणाले. "प्लेटी जातील."

नाना दुसरीकडे तोंड करून हसला. मला राग आला नाही. ते गाडीबद्दल बोलले होते.

बंडीपूरच्या जंगलात हत्तींनी आम्हाला थांबवलं. कळप रस्ता ओलांडत होता, एक मोठी हत्तीण मधे उभी राहिली आणि पिल्लू तिच्या पायांतून निघायला तयार नव्हतं. आम्ही इंजिनं बंद केली. सगळं इतकं शांत झालं की तिच्या पोटातली गुरगुर ऐकू येत होती. त्या गेल्या तेव्हा माझी गाडी चालू होईना. किक मारून मारून पोटरी भरून आली. सदा म्हणाला, "सावकाश, वयनी. त्या गेल्या आता." आणि पुढच्या किकला ती धूर सोडत चालू झाली.

परतीचे दिवस असे गेले. हे बसने, आम्ही मागून. संध्याकाळी एखाद्या गावी भेटायचं. पेट्रोल पंपावर, चहाच्या टपरीवर लोक माझ्याकडे बघत. हुबळीला पंपावरच्या माणसाने पेट्रोलमध्ये तेल किती घालू ते सदाला विचारलं. सदा म्हणाला, "त्यांना विचार. गाडी त्यांची."

कराड

कराडच्या स्टँडवर चिपळूणची बस लागलेली होती. हे तिच्याकडे गेले नाहीत. आमच्यापाशी आले.

"इथून मी मागे बसतो," म्हणाले.

"खांदा रे," नाना म्हणाला.

"हळू जाऊ. एक हात आहे धरायला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा अजून उतरलेलाच होता आणि डोळे गाडीवर होते. त्यांनी उजवा हात सीटवर ठेवला, थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग पाय टाकून बसले. त्यांचा हात माझ्या कमरेवर इतका घट्ट होता की मला श्वास घेताना जाणवत होतं.

कोयनानगरपर्यंत सरळ रस्ता. कुंभार्लीच्या माथ्यावर आलो तेव्हा ऊन कललं होतं आणि खाली सबंध कोकण निळसर दिसत होतं. आम्ही उतरायला लागलो. हे कानाशी बोलत होते. दुसरा टाक. आता सोड. हॉर्न दे. डावीकडे घे. मी सगळं करतच होते, तरी सांगत होते. तीन-चार वळणं झाल्यावर ते बोलायचे थांबले. हातही सैल झाला. मला वाटलं, दुखतंय. मी गाडी आणखी हळू केली.

"डोंगराच्या त्या सोंडेवर घरं आहेत?" त्यांनी विचारलं.

"धनगरवाडी आहे. सकाळी तिथल्या बायका दूध घेऊन उतरतात."

"मला कशी कधी दिसली नाही? इतकी वर्षं जातोय इथून."

"तुम्ही चालवत असता."

ते तिकडे वळून बघत राहिले. मग म्हणाले, "एका घरातून धूर निघतोय. बघ."

मी बघितलं नाही. पुढे वळण होतं आणि खालून एसटी वर येत होती.